बीएमपीवर काम सुरू करताना: पहिल्या वर्षाचा अनुभव

पीएचडीसाठी बीएमपी, म्हणजे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, हा विषय घेतला तेव्हा 'हाडं वाढवणारं प्रथिन' एवढीच माझी समज होती. तुम्हीही तिथूनच सुरुवात करणार असाल, तर आधी हाडांचे अमेरिकी शल्यविशारद मार्शल युरिस्ट यांचा १९६५चा पेपर वाचा. हाडातली खनिजं आम्लाने काढून उरलेला भाग त्यांनी सशांच्या स्नायूत ठेवला आणि तिथे नवं हाड तयार झालं. स्नायूत हाड! मला अजूनही याचं नवल वाटतं. त्यामागच्या प्रथिनांची जनुकं हाती लागायला १९८८ उजाडलं.

नावावर मात्र जाऊ नका. गर्भात आपल्या बोटांमधला पडदा झडतो तोही बीएमपीच्या इशाऱ्याने. बदकाच्या पायात ग्रेमलिन नावाचं प्रथिन हा इशारा अडवतं, म्हणून पडदा टिकतो. आणि बीएमपी-१ तर बीएमपी प्रथिनांच्या कुटुंबातलं नाहीच, ते प्रथिनं कापणारं एन्झाइम आहे.

आता लॅबमधलं. सी२सी१२ या उंदराच्या स्नायूपेशी. त्यांना बीएमपी-२ दिलं की स्नायूची वाट सोडून त्या हाडाच्या पेशींकडे वळतात आणि अल्कलाइन फॉस्फटेज या हाडपेशींची खूण असलेल्या एन्झाइमच्या रंगाने जांभळ्या-निळ्या होतात. माझ्या प्लेट्स पहिले दोन महिने कोऱ्याच. पेशी बदलल्या, मीडियम बदललं, रडूनही झालं. चूक पहिल्याच दिवशी झाली होती: ती महागडी पावडर मी साध्या पीबीएसमध्ये, म्हणजे उदासीन पीएचच्या खारट बफरमध्ये, विरघळवली. बीएमपी-२ उदासीन पीएचला नीट विरघळत नाही, शिवाय ट्यूबच्या भिंतीला चिकटतं. माझं प्रथिन पेशींपर्यंत पोचतच नव्हतं. सोबत आलेला कागद मी वाचला नव्हता. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, ४ मिलिमोलर, आणि थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

तेव्हापासून विरघळवल्याबरोबर छोटे छोटे भाग करून गोठवते आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवत नाही. सी२सी१२ची प्लेट गच्च भरू देत नाही, नाहीतर पेशी आपसात जुळून स्नायूतंतू होऊन बसतात. आणि रंगासाठी चार-पाच दिवस थांबण्याआधी एक प्लेट बाजूला काढून तासाभरात स्मॅड १/५ला, म्हणजे बीएमपीचा इशारा पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनांना, फॉस्फेट लागलंय का, ते वेस्टर्न ब्लॉटवर (ठरावीक प्रथिन पट्टीच्या, म्हणजे बँडच्या, रूपात दाखवणारी चाचणी) बघते. बँड नसेल तर नवीन भाग काढायचा, पेशींना दोष द्यायचा नाही.