मोबाइलवर निळं, मुळाशी कोरडं: पाणी पाजण्याआधी फूटभर खणा

होळी ते वळीव या काळाचा सल्ला. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांसाठी.

होळी झाली की आपल्याकडे पाण्याची पाळी रान ठरवत नाही, थ्री फेज ठरवते. रात्री दोनला वीज आली की मोटर चालू, सरींची दारं मोडून पाणी सोडलं, सकाळी चहाला घरी. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. उपग्रहाचा नकाशा उघडायचा, शिवार तपकिरी दिसलं की पाणी सोडायचं, निळं दिसलं की पाळी पुढे ढकलायची. रानात जाऊन खणून मात्र कुणी बघत नाही.

गेल्या एप्रिलात दूधगंगा नदीकाठच्या मळीतला एक आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेला, दीड वर्षाचा) ऊस बघायला गेलो. दुपारी पानं गुंडाळत होती, नकाशावर भाग कोरडा, म्हणून मालक दर सहाव्या दिवशी पाणी देत होते. शिवाय दुकानदाराने गळ्यात मारलेली ‘ताण घालवणारी’ बाटली दोनदा फवारून झालेली. मी पहार मागितली. वितभर जोर लावावा लागला, मग ती आपल्याच वजनाने आत घसरत गेली. ओढून काढली तर टोकाला मेणासारखी चिकट काळी माती आणि गटारीसारखा वास. मुळं तपकिरी, टोकं कुजलेली. वरंब्याच्या माथ्यावर पांढरी खार. ऊस गुदमरत होता आणि मालक त्याला आणखी पाणी पाजत होते.

महिन्याभराने खानापूर रस्त्याला तांबड्या मातीत उलटा प्रकार. वळिवाची एक जोरदार सर झाली, नकाशा निळा झाला, टोमॅटोची पाळी चुकवली. खणलं तर वर चार बोटं ओल आणि खाली भुकटी. फुलं सरीत गळून पडली होती.

नकाशा खोटं बोलत नाही, पण त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो. जानेवारी २०१५ मध्ये सोडलेला नासाचा स्मॅप उपग्रह जमिनीतून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजतो आणि त्यावरून वरच्या साधारण ५ सेंटीमीटर मातीची ओल काढतो. दर दोन-तीन दिवसांनी तो त्याच भागावर येतो, ढगांची अडचण त्याला नाही. पण त्याचा एक ठिपका जवळपास ३६ किलोमीटरचा. बारकावा आणणारं त्याचं रडार त्याच वर्षी जुलैत बंद पडलं. उसाचं, हरभऱ्याचं मूळ काही ५ सेंटीमीटरवर थांबत नाही.

मग एक मीटर खोलीपर्यंतच्या ओलीचे नकाशे येतात कुठून? ते लँड सरफेस मॉडेलमधून. ही एक हिशोबवही समजा. पाऊस जमेला, बाष्पीभवन, वाहून गेलेलं आणि खाली झिरपलेलं पाणी खर्चाला. ऊन, वारा, मातीचा प्रकार, पिकाची पानं घालून संगणक शिल्लक काढतो आणि उपग्रहाची नोंद मिळाली की ती शिल्लक दुरुस्त करतो. म्हणजे मुळाजवळची ओल कुणी पाहिलेली नसते, ती हिशोबाने काढलेली असते. आपल्या भागाला खरी नडते ती पुढची गोष्ट: अशा बऱ्याच मॉडेलांच्या वहीत तुमची मोटर आणि हिडकल धरणाचा कालवा जमेलाच नसतो. वरून पाऊस नाही म्हणजे जमीन कोरडी, एवढंच त्याला कळतं. त्यातून अशा नकाशाचा ९ किलोमीटरचा एक चौकोन म्हणजे सुमारे २०,००० एकर. त्यात तुमची मळी, शेजारचा माळ, गावठाण आणि नदीचं पात्र, सगळ्यांची मिळून एक सरासरी.

घाटाकडची बाजू किती ओली, तालुका एकंदर कोरडा पडतोय का, हे ठरवायला असा नकाशा उत्तम. घाटातल्या कणकुंबीच्या पावसाचं मोजमाप हजारांत आणि अथणीचं पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, एवढा फरक एकाच जिल्ह्यात असल्यावर वरून बघणारा डोळा हवाच. तुमच्या सरीत आज दार मोडायचं की नाही, हे त्याला विचारू नका.

शेतापुरता कामाचा म्हणजे युरोपचा सेंटिनल-२ उपग्रह. फुकट आहे, १० मीटरचा चौकोन, दर पाच दिवसांनी चित्र. एकरात सुमारे ४० चौकोन बसतात. ढगाळ असलं की आंधळा, पण मार्च-एप्रिलात आपलं आभाळ बहुधा मोकळं असतं. त्यात रानाचा एखादा कोपरा सलग दोन-तीन चित्रांत मागे पडलेला दिसला की दुकानात जाऊ नका, पहार घेऊन त्या कोपऱ्यात जा. एक खड्डा तिथे, एक चांगल्या जागी. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून सुटलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहाचं रडार दर १२ दिवसांनी बरंच बारीक चित्र देतं, पण ओल तोही वरच्याच थराची मोजतो. खणणं त्यानेही चुकत नाही.

खणायचं असं: पाळीच्या आदल्या दिवशी, बुडख्यापासून वितभर सोडून, फूटभर खोल. तळाची माती मुठीत दाबा.

- काळी माती हाताला लडबडली, गोळा चकाकला: पाणी देऊ नका, तीन दिवसांनी परत खणा.
- गोळा झाला, कंबरेवरून टाकल्यावर फुटला: वाफसा आहे (मुळाला ओलही आहे, हवाही आहे), थांबा.
- गोळाच होत नाही: आज पाजा.
- तांबड्या मातीत गोळा नीट होतच नाही. बोटाला गारवा लागतो का ते बघा.

एक अनुभवाची खूण सांगतो, कुठल्या पुस्तकात शोधू नका. दुपारचं गुंडाळलेलं पान बघून घाबरायचं नाही. सकाळी साडेसहालाही पान मिटलेलं असेल तर पीक अडचणीत आहे. तरीही खणाच, कारण तहानेने आणि गुदमरून पान सारखंच मिटतं.

आता थोडा हिशोब. एप्रिलच्या उन्हात दिवसाला ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरा. वाढीच्या जोरात असलेल्या आडसालीला त्याच्या सव्वापट, म्हणजे ७.५ मिलिमीटर लागतं. नुकत्या फुटलेल्या खोडव्याला (कापलेल्या उसाच्या बुडख्यातून आलेल्या पिकाला) बाष्पीभवनाच्या निम्मं, म्हणजे ३ मिलिमीटर पुरे. एकरावर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. म्हणजे आडसालीला रोज ३०,००० लिटर, खोडव्याला १२,०००. मोटर किती ओतते ते २०० लिटरच्या बॅरलने मोजा: ४० सेकंदांत भरलं तर तासाला १८,००० लिटर. ठिबकावर आडसालीच्या एकराला रोज पावणेदोन तास झाले. पाटाने पाजताना बरंच वाया जातं, वेळ त्या मानाने वाढवा. “एप्रिल-मेमध्ये नदी आटेल, आत्ताच पाजून घेऊ” म्हणून रात्रभर मोटर चालवणारे बरेच आहेत. वाफशाच्या वरचं पाणी जमीन साठवत नाही. ते खाली जातं किंवा खार वर आणतं, आणि बंधारा मात्र लवकर रिकामा होतो.

खोडव्यावर खोडकिडीची वेळ हीच आहे. पोंगा, म्हणजे मधली सुरळी, ओढून बघा. सहज निघाला आणि वास आला तर कीड. मर जास्त असेल तरच क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी एकरी १५० मिली, ४०० लिटर पाण्यातून बुडख्याशी आळवणी. फूटभर खाली वाफसा राखलेल्या आणि पाचट झाकलेल्या रानात फवारणी-आळवणीची ही वेळ कमी येते, असा माझा अंदाज आहे.

खरोखर पाणी कमी पडणार असेल तर म्युरेट ऑफ पोटॅश २ टक्के आणि युरिया २ टक्के, म्हणजे लिटरला प्रत्येकी २० ग्रॅम, १५ ते २० दिवसांच्या अंतराने फवारा. रंगीत बाटलीच्या मानाने खर्च किरकोळ. उपग्रहावरून बोअरची जागा दाखवतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. भूजलाचा बदल टिपणारे ग्रेस-एफओ उपग्रह काही जिल्हे मिळून एक आकडा देतात, तुमचा झरा त्यांना दिसत नाही. ओल मोजणारा सेन्सर घेऊ नका असं नाही, पण आधी पहारीने एक हंगाम काढा.

बाकीची कामं:
- खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत दाबा.
- पाणी एक आड एक सरीने.
- ठिबकाच्या नळ्या फ्लश करा, फिल्टर धुवा.
- खार फुटली असेल तर माती परीक्षणाशिवाय जिप्सम नको. चर आधी उकरा.
- नांगरट वळिवाच्या आत.

पावसाचा आकडा नकाशावरून घेऊ नका. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निगराणी केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीवर आहेत, त्यांच्या वरुणमित्र मदतवाहिनीवर विचारता येतं. सरकारी संदेश कन्नडमध्ये आला म्हणून दुकानदाराकडून वाचून घेऊ नका, त्यात शेवटी त्याची बाटली येतेच. शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला सांगा. आणि वळिवाची पहिली सर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी, नकाशा उघडायच्या आधी, दोन खड्डे: एक फुटाचा आणि एक दोन फुटांचा.