पुराचं पाणी लागतं त्या जागेत कुठलं झाड लावायचं

गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे नदी चढली की खालच्या बागेत पाणी येतंच, त्यात नवीन काही नाही, पण झाड लावताना आपण ऊन बघतो, खत बघतो, आणि पाणी किती दिवस थांबतं ते बघायचं राहून जातं. झाड पाण्याने नाही मरत, गुदमरून मरतं. मातीतल्या पोकळीत पाणी भरलं की मुळांना हवा मिळत नाही, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा जवळपास १०,००० पट हळू सरकतो. त्यामुळे वाहून जाणारं पाणी एकवेळ चालतं, तुंबलेलं नाही.

आधी पाणी उतरल्यावर दीड-दोन फूट खड्डा खणा. माती करडी-निळसर आणि कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर तिथे फणस, पपई, काजू, साग लावूच नका. पपई तर दोन दिवसांत बसते.

आमचा फणस २०२१च्या जुलैच्या पुरात चार दिवस पाण्यात होता. चतुर्थीपर्यंत हिरवागार, आम्ही म्हटलं वाचला, मग पानं पिवळी पडायला लागली. खणून बघितलं तर मुळाची साल बोटात बाहीसारखी सुटून आली, आत काळं. शेजारच्या आंब्याच्या खोडावर मात्र पाण्याच्या रेषेजवळ चुरमुऱ्यासारखे पांढरे फुगवटे आलेले, झाड तिथून श्वास घेतं. तो जगला.

अशा जागेला जांभूळ, करंज, अर्जुन बेस्ट, अगदी नदीकाठाला वाळुंज. माड वाहतं पाणी सोसतो, पोफळीला मात्र चर खणून द्यायलाच हवेत. सत्तरीतल्या बांबर गावच्या निरंकाराच्या देवराईत रानटी जायफळाच्या जातीची झाडं चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी आहेत, जाऊन बघण्यासारखी आहेत, पण ते बघून कुळागरातलं (पोफळी-मसाल्याच्या बागेतलं) जायफळ दलदलीत लावू नका, त्याला निचरा लागतोच.

पूर उतरला की पहिलं काम म्हणजे बुंध्याभोवतीचा गाळ हाताने काढा, कारण त्या थराखाली मुळं परत कोंडतात. चर मोकळे करा, ओल्या मातीवर ट्रॅक्टर घालू नका, खत थांबवा. पानं मलूल दिसली म्हणून पाणी तर अजिबात घालू नका, मुळं सडली की भरल्या पाण्यातही झाड तहानलेलं दिसतं. आणि लगेच कुऱ्हाड घेऊ नका, चैत्राच्या पालवीपर्यंत थांबा.