अनेक शाखांचे नेटवर्क कसे आखावे
राउटर विकत घेण्याआधी आयपी पत्त्यांचा आराखडा कागदावर पक्का करावा; पुढची बरीच डोकेदुखी तिथेच टळते. पहिल्या शाखेला १०.१.०.०/१६, दुसरीला १०.२.०.०/१६ असे स्वतंत्र पट्टे (/१६ म्हणजे पत्त्याचे पहिले दोन आकडे त्या शाखेसाठी ठरलेले) द्यावेत आणि त्यांच्या आत संगणक, फोन, कॅमेरे व पाहुण्यांचे वायफाय यांसाठी वेगवेगळे व्हीलॅन (त्याच केबल-स्विचवर आखलेली स्वतंत्र नेटवर्क) ठेवावेत, उदाहरणार्थ कॅमेऱ्यांना प्रत्येक शाखेत तिसरा आकडा ३०, म्हणजे १०.२.३०.१५ हा पत्ता दिसताक्षणी तो दुसऱ्या शाखेतील कॅमेरा आहे हे ओळखता येते. राउटरसोबत आलेला १९२.१६८.१.० हा पट्टा दोन्ही शाखांत तसाच राहिला, तर व्हीपीएन (इंटरनेटवरून शाखांना जोडणारा सुरक्षित दुवा) जोडलेले दिसूनही फाइल उघडत नाही, कारण प्रत्येक संगणक पलीकडचा पत्ता आपल्याच शाखेत शोधत बसतो.

दहा ठिकाणे एकमेकांना थेट जोडायची तर ४५ टनेल (दोन ठिकाणांमधील व्हीपीएन जोडण्या) लागतात; मुख्य कार्यालयामार्फत ९ पुरतात. लहान व्यवसायाने दुसराच मार्ग धरावा, मात्र मग मुख्य कार्यालयात इंटरनेटच्या दोन जोडण्या हव्यातच. दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच चरातून येत नाहीत ना, हे स्वतः जाऊन पाहावे (विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये), आणि सुटीच्या दिवशी मुख्य केबल काढून दुसरी जोडणी किती सेकंदांत भार उचलते ते मोजावे.