ग्रँड कॅन्यनचे थर ओळखायचे तर रंग नव्हे, उतार बघा

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीच्या दक्षिण काठावर उभं राहिलं की सह्याद्री पाहिलेल्या माणसाला त्या पायऱ्या ओळखीच्या वाटतात. फसू नका. आपल्याकडच्या पायऱ्या लाव्हाच्या, म्हणजे बसाल्टच्या. इथल्या, म्हणजे कोलोरॅडो पठारावरच्या पायऱ्या गाळाच्या खडकांच्या आहेत: कुठे समुद्राचा गाळ, कुठे नदीचा, कुठे वाळवंटातली वाळू.

मूळ नियम एकच. उभा कडा दिसला तर चुनखडक किंवा वालुकाश्म, तिरका उतार दिसला तर शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला मऊ खडक. भरपूर पावसाच्या प्रदेशात चुनखडक विरघळून झिजतो, पण इथे पाऊस तुटपुंजा, म्हणून तोच खडक ताठ उभा राहतो. खालचा मऊ शेल झिजला की वरच्या कड्याचा आधार जातो आणि मोठमोठे ठोकळे सुटून पडतात. त्यामुळे कडा मागे सरकला तरी उभाच राहतो.

दक्षिण काठावरच्या यावापाई पॉइंटवर सूर्योदयानंतर तासा-दीड तासात किंवा सूर्यास्ताच्या दोन तास आधी जा. भर दुपारी सावल्याच नसतात, सगळं सपाट दिसतं. ८ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. मोजायला वरून सुरुवात करू नका, गोंधळ होतो. आधी दरीच्या मध्यावरचा सर्वांत मोठा, सलग तांबडा कडा शोधा. तो रेडवॉल चुनखडक, सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातला. हा मूळचा करडा आहे. वरच्या सुपाई आणि हर्मिट थरांतलं लोह पावसाबरोबर ओघळून त्याच्या अंगावर बसलं, म्हणून तो लाल. नुकताच तुकडा निसटला असेल तिथे दुर्बिणीतून करडा डाग दिसतो आणि त्याच्या बाजूने तांबड्या ओघळांच्या रेघा. रंगावर भरवसा का ठेवायचा नाही, ते या एका डागात कळतं.

रेडवॉल सापडला की वर सरका. बारीक लाल पायऱ्या म्हणजे सुपाई, त्यावरचा गुळगुळीत लाल उतार हर्मिट. मग लुगड्याच्या काठासारखा एकसलग फिकट पट्टा येतो, तो कोकोनिनो वालुकाश्म. त्याच्या वर झाडं धरलेला टोरोविपचा उतार आणि सगळ्यात वर, तुमच्या पायाखाली आहे तो कैबाब चुनखडक, सुमारे २७ कोटी वर्षांचा. कोकोनिनो आणि कैबाब दोन्ही फिकट असल्याने नवखे त्यांची हमखास अदलाबदल करतात. मधली झाडांची ओळ दिसली की चूक टळते.

रेडवॉलच्या खाली हिरवट-करडा रुंद उतार ब्राइट एंजल शेलचा. त्याच्या खालच्या कडेला तपकिरी टेपीट्स वालुकाश्म, आणि त्याखाली आडवे थरच नसलेली काळपट घळ. तो विष्णू शिस्ट, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप बदललेला खडक. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी इथल्या एका शिखराला विष्णूचं नाव दिलं होतं, तेच पुढे या खडकाला मिळालं. टेपीट्स आणि शिस्ट जिथे टेकतात त्या रेषेत सुमारे १२० कोटी वर्षं गायब आहेत. तेवढ्या काळाचे खडक झिजून गेले.

कोकोनिनो मात्र हात लागेल इतक्या जवळून बघायला हवा. त्यासाठी साउथ कैबाब पायवाटेने उतरा. कातळात आडव्या थरांऐवजी तिरक्या रेघांचे गठ्ठे दिसतील. त्या रेघा म्हणजे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकाडांच्या घसरत्या बाजू. प्रत्येक गठ्ठ्यात रेघा तळाशी वळून सपाट होतात आणि माथ्याशी पुढच्या गठ्ठ्याने छाटलेल्या असतात. फोनवरच्या कोनमापकाने या रेघांचा कल मोजा, २५ ते ३० अंशांच्या आसपास येतो. १० अंश आला तर बहुधा तुम्ही कातळाचा तिरपा छेद मोजताय. काटकोनातली दुसरी बाजू शोधून पुन्हा मोजा, खरा कल दोन बाजूंशिवाय कळत नाही. हा कल बहुतेक ठिकाणी दक्षिणेकडे असतो, म्हणजे वारा उत्तरेकडून वाहत होता.

याच वाटेवरच्या सीडर रिजपर्यंत एका बाजूने २.४ किलोमीटर चाल आणि सुमारे ३४० मीटर उतार आहे. तिथवर पाय हर्मिटच्या लाल मातीत येतात. वाटेत पाणी कुठेच नाही, माणशी किमान २ लिटर न्या. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा, त्यामुळे परत फिरायची वेळ उतरण्याआधीच ठरवा. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ दरीत चालू नका. हिवाळ्यात वरच्या वळणांवर बर्फ गोठतो, बुटांना काटे लावा. या वाटेच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाची मोफत बस घ्या.

हातोडी आणि चुनखडक तपासायचं आम्ल घरी ठेवा. राष्ट्रीय उद्यानात खडक फोडणं आणि उचलणं दोन्ही बेकायदा आहे. खडकाचे कण बघायला १० पट भिंग न्या: कोकोनिनोची वाळू त्यात घासलेल्या काचेसारखी धूसर दिसते.