डोगोन मूर्ती आधी मागून बघा

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात बांदियागाराच्या कड्यालगत राहणाऱ्या डोगोन लोकांच्या गावांतली लाकडी मूर्ती समोर आली, की चेहऱ्यावर रेंगाळू नका, आधी मागच्या बाजूला जा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बसलेलं एक जोडपं आहे, उंची ७३ सेंटिमीटर. समोरून दिसतं ते एवढंच, की पुरुषाने बाईच्या गळ्यात हात टाकलाय आणि पंजा तिच्या छातीवर ठेवलाय. पाठीमागे मात्र त्याला बाणांचा भाता आहे आणि तिला बिलगलेलं मूल. दोघं कोरलीत एकाच ओंडक्यातून. बैठक चार छोट्या आकृत्यांनी तोलून धरलीय. आजच्या घराला पूर्वजांचा आधार, असा तिचा अर्थ लावला जातो.

मग सांधे तपासा. डोगोनांत लोखंड घडवणारा लोहारच लाकूडही कोरतो, तेही वाकसाने आणि शक्यतो अखंड ओंडक्यातून. हात वेगळा करून खुंटीने बसवलेला दिसला तर तो बहुतेक नंतरच्या दुरुस्तीचा.

खरा मजकूर मूर्तीवर साचलेल्या पुटांत असतो. वेदीवरच्या मूर्तीला बाजरीची पेज आणि बळीचं रक्त वाहतात. त्यातून न्यामा, म्हणजे जीवशक्ती, जागी राहते अशी श्रद्धा. वरून वाहिलेलं द्रव्य डोक्या-खांद्यावर साचतं, खाली ओघळतं, सुकून तडकतं. पूट सगळीकडे सारख्या जाडीचं, काखेतही तेवढंच, असेल तर सावध व्हा. बुटाचं पॉलिश आणि मातीने ते चार दिवसांत उभं करता येतं. वाळवीच्या भोकांवरही विसंबू नका, कारण नवी मूर्ती मुद्दाम वाळवीत ठेवतात. कार्बन चाचणीतून लाकडाचं वय कळतं, कोरण्याचं नव्हे. जुन्या तुळईतून काल कोरलेली मूर्तीही शतकांची ठरते.

दोन्ही हात वर केलेली आकृती पावसासाठी प्रार्थना करते, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिची जुनी रूपं डोगोनांच्या आधी त्या कड्यात राहिलेल्या तेल्लेम लोकांची म्हणून ओळखली जातात.

चूक होते ती नाव देताना. दिसेल त्या आकृतीला 'नोम्मो', म्हणजे अम्मा या निर्मात्याने घडवलेला आदिजीव, म्हणायची सवय फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल यांनी १९४६ साली ओगोतेमेली या वृद्ध शिकाऱ्याकडून ऐकलेल्या विश्वकथेमुळे लागली. डच मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर व्हॅन बेक यांना मात्र तिथल्या क्षेत्रकार्यात त्या कथेचा मागमूस लागला नाही. १९९१ साली त्यांनी तसं लिहिलं. तेव्हा आधी जागा विचारा: घराण्याच्या पूर्वजांची वेदी, बिनूचं, म्हणजे कुळाच्या रक्षक पूर्वज-आत्म्याचं देवघर, की होगोनचं, म्हणजे वडीलधाऱ्या धर्मप्रमुखाचं घर? जागा ठाऊक नसेल तर नोंदीत 'स्त्री, उभी, हात वर' एवढंच लिहा.

मूर्ती हाताळताना हातमोजे घाला, एक हात बुडाखाली आणि दुसरा कंबरेला. वर केलेले हात धरून कधीच उचलू नका. पाणी, तेल, ओलं फडकं वर्ज्य. पुटं धुतलीत, तर उरतं ते नुसतं लाकूड.