बाम्बेर्गची गढूळ लागर कशी चाखावी

जर्मनीतल्या बाम्बेर्गमध्ये मार्स ब्रॉय ही छोटी ब्रुअरी आहे. तिची ‘उनगेश्पुंडेट’ लागर (थंडीत सावकाश आंबवून मुरवलेली बिअर) तिथले लोक नुसतं ‘आ ऊ’ म्हणून मागवतात. मुरताना दाब कोंडून ठेवत नाहीत, म्हणून तिच्यात गॅस कमी. गाळत नाहीत, म्हणून ती गढूळ. फसफसणाऱ्या, काचेसारख्या नितळ लागरची मापं तिला लावू नका.

बाटली आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये उभी ठेवा, म्हणजे यीस्टचा साका तळाशी बसेल. ओतण्याआधी पंधराएक मिनिटं बाहेर काढा. 7 ते 9 अंश सेल्सिअस हवं. फार गार बिअरचा वासच येत नाही आणि वासाशिवाय चव अर्धीच कळते. ग्लास फ्रीझरमध्ये मुळीच ठेवू नका.

ग्लास आतून ओला करून पाहा. पाणी एकसंध पसरलं तर तो स्वच्छ. थेंब सुटे राहिले तर तेल किंवा साबण उरलाय, फेस टिकणार नाही. पुन्हा विसळा आणि ओल्याच ग्लासात ओता: आधी तिरपा धरून, शेवटी सरळ करून, दोन बोटं फेस येईल असं. अर्धी बाटली साका न हलवता ओता. उरलेली हळूच गोल फिरवून दुसऱ्या ग्लासात घ्या. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्यावर यीस्टने आणलेला पावाचा वास आणि तोंडातला भरीवपणा लगेच कळतो.

आधी हुंगा, लगेच. नाजूक वास आधी उडतात. मग मोठा घोट घ्या आणि गिळा. कडवटपणा गिळल्यावर खुलतो, त्यामुळे थुंकून अंदाज येत नाही. आधी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडसर, भाजक्या पावाचा स्वाद, मागून हॉपच्या फुलांचा कोरडा कडूपणा, असा क्रम लागला पाहिजे.

थोडी बिअर 14-15 अंशांपर्यंत गरम होऊ द्या. गारव्यात दडलेले दोष आता उघडे पडतात. लोण्याचा वास म्हणजे डायअसिटिल, आंबताना तयार होणारं रसायन: यीस्टला ते शोषून घ्यायला पुरेसा वेळ मिळाला नाही. हिरव्या सफरचंदाचा वासही बहुधा अर्धवट मुरल्याचाच. उकडलेल्या मक्याचा वास आला तर आंबवण्याआधी माल्टच्या पाण्याची उकळी कमी पडली किंवा नंतर गार करायला वेळ लागला. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र जुन्या, उन्हाळा सोसलेल्या बाटलीचा. परदेशातून आलेल्या मालात हाच जास्त सापडतो, म्हणून विकत घेतानाच तारीख बघा.

मधे साधा पाव आणि पाणी पुरे. त्याच शहरातली धुरकट राउखबिअर चाखायची असेल तर ती शेवटी ठेवा. तिचा धूर जिभेवर बराच वेळ राहतो.