भंडारदऱ्याला तंबूत राहायचंय? या चुका टाळा

जाहिरातीतला तंबू नेहमी पाण्याला खेटून असतो. समोर आर्थर लेक, म्हणजे भंडारदरा धरणाचा जलाशय, पलीकडे रतनगड, हातात वाफाळता चहा. बुकिंग करताना लोक नेमकी हीच जागा मागून घेतात आणि पहाटे तीनला ओल्या पांघरुणात कुडकुडत उठून बसतात. रात्री उतारावरची हवा गार होऊन जड होते, खाली घरंगळते आणि जलाशयाच्या खोलगट काठावर साचते. त्यात पाण्याचा दमटपणा. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि काठावर त्याहून जास्त गारठा जाणवतो. काठापासून शंभरेक पावलं वर, थोड्या उंचवट्यावरची जागा मागा. फोटो काढायला सकाळी खाली जाता येतं.

फोनवर काय विचारायचं

'सगळी सोय आहे' या उत्तरावर थांबू नका. तंबूपासून संडास किती पावलांवर? तिथे रात्री दिवा असतो का? खाली गादी मिळते की नुसती सतरंजी? एका तंबूत किती माणसं घालणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चार माणसांचा म्हणून मिळणारा तंबू साधारण 7 बाय 7 फुटांचा असतो, म्हणजे माणशी पावणेदोन फूट रुंदी. सॅक ठेवायला जागाच उरत नाही. अशा तंबूत तीन मोठी माणसं, किंवा दोन मोठी आणि दोन लहान मुलं, एवढंच गणित बसतं. घरात वयस्कर माणूस असेल तर तंबूचा हट्ट सोडा आणि शेंडी गावात किंवा मुतखेलच्या बाजूला पक्की खोली घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तंबूतून रात्री दोनदा रांगत बाहेर यायला लावणं बरं नव्हे.

घोटीहून बारीमार्गे येणार असाल तर पेट्रोल आणि रोख रक्कम घोटीतच घ्या. तलावाभोवतीच्या रस्त्यावर पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद या बाजूला मोबाइलची रेंज येते-जाते, आणि रेंज नाही तिथे क्यूआर कोडचा उपयोग शून्य. मुक्कामाचं लोकेशन आणि मालकाचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

तंबू गळतो की घामेजतो?

'तंबू गळत होता' या तक्रारीत बऱ्याचदा गळती नसतेच. झोपलेल्या एका माणसाच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी बाहेर पडतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या झिपा लावल्या की ती वाफ गार कापडाला लागून थेंब होते. ओळखायचं कसं? छताला टॉर्च लावून बघा. सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर ती वाफ. एकाच शिवणीतून ओघळ येत असेल तरच गळती. वाफेवर उपाय म्हणजे वरच्या जाळीच्या खिडक्या आणि दाराची झिप वरून वीतभर उघडी ठेवणं. थंडी वाजेल म्हणून हे कुणी करत नाही, पण ओलं पांघरूण जास्त गारठवतं.

दुसरी चूक खालच्या ताडपत्रीची. ती तंबूच्या बुडापेक्षा मोठी असली, की पाऊस तिच्यावर पडतो आणि सरळ तुमच्या गादीखाली येतो. कडा आत दुमडून घ्या. बाहेर बोटभरही दिसता कामा नये. फ्लाय, म्हणजे वरचं कापड, आतल्या कापडाला कुठेही टेकू देऊ नका. टेकलं की तिथून पाणी झिरपलंच.

इथल्या मुरमाड जमिनीत तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या वाकतात. लोखंडी जाड खिळे मागा. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे दोरी ताणली गेली तरी ती निसटत नाही. खालून कातळ लागला तर दोरी पाच-सहा किलोच्या दगडाला बांधा.

आणि खालची थंडी. वर दोन ब्लँकेटं घेऊनही पाठ गारठते, कारण अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नाही. दोनपैकी एक ब्लँकेट घडी करून खाली घाला, त्याखाली फोमची मॅट. फरक लगेच कळतो.

यात तडजोड नको

पेटत्या कोळशाची शेगडी तंबूत किंवा बंद खोलीत घेऊ नका. विझत आली, धूर नाही, असं वाटत असलं तरीही नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. बार्बेक्यूची उरलेली शेगडी 'जरा ऊब येईल' म्हणून आत ओढण्याचा मोह होतो, तो तिथेच मोडा.

कड्याला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर त्याच्या खालच्या बाजूला चूल पेटवायची नाही. धूर वर गेला की माश्या उठतात. उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून पळा आणि गाडीत किंवा घरात शिरून दार लावा.

मण्यार रात्री फिरतो, आणि त्याचा दंश इतका कमी दुखतो की झोपलेल्याला कळतही नाही. म्हणून जाळीची झिप पूर्ण बंद, बूट आत, सकाळी झटकूनच पाय घालायचा. दंशाचा संशय आला तर वर आवळून बांधणं, चिरा देणं नाही. हालचाल थांबवा, 108 ला फोन करा. सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळतं, हे पोहोचल्या दिवशीच मालकाला विचारून ठेवा. रात्री दीडला ते शोधत बसायची वेळ येऊ नये.

काजव्यांच्या दिवसांत

मे अखेर ते पहिले जोरदार पाऊस, एवढाच हंगाम. लोक शनिवार बघून येतात, खरं तर पंचांग बघायला हवं. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात काजवे फिके पडतात. अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे, आठवड्याच्या मधल्या वारी या. शनिवारी रात्री त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि हेडलाइटच्या झोतात दिसणार तरी काय? काजव्यांचं लुकलुकणं हा जोडीदाराला केलेला इशारा असतो. टॉर्च, फ्लॅश यांनी तो तुटतो. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, उजेड पायाशी धरा. हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडं लखलखताना लांबूनच बघा. बुंध्यापर्यंत गेलात तर गवतातल्या माद्या पायाखाली येतात.

हेच दिवस वळवाचे. गडगडाट ऐकू आला की तंबूत थांबायचं नाही. एकट्या झाडाखालीही नाही. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली गाडी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा. भर पावसाळ्यात तंबूचा विचारच नको.

पाणी, कचरा, शेकोटी

पिण्यासाठी माणशी दिवसाला तीन ते चार लिटर धरा. मार्चनंतर वाटेवरचे झरे आटलेले असतात. तलावाचं पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. खरकटं तंबूबाहेर ठेवलं की आधी कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आणि कित्येक ठिकाणी त्याच्या आतच आहे, त्यामुळे जंगलातून लाकूड तोडायचं किंवा गोळा करायचं नाही. मालकाकडून विकत घ्या, त्याने ठरवलेल्या जागीच पेटवा. झोपताना वर माती लोटून मोकळं होऊ नका, मातीखाली निखारे सकाळपर्यंत धगधगतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग तळहाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर अजून एक बादली.